जुन्या व्हॅनची खरी किंमत

(मुंबई उपनगरातील स्वयंरोजगार मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



लहान मालवाहू गाडीला आपण सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो. वास्तविक हे एका जर्मन वाहनाचे नाव. बजाज टेम्पो कंपनीने १९५८ नंतर याच उपनगरात, गोरेगावी, त्या जातीच्या तीनचाकी गाड्या बांधावयास आरंभ केला आणि कंपनीचे नाव मराठीतला रोजचा शब्द होऊन बसले. पुढे तो उद्योग पुण्याजवळ आकुर्डीस गेला. मॅटाडोर आली. १९८४ साली मारुतीची व्हॅन आली; तीच पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. २००५ साली टाटा एस आणि २०१० साली ईको रस्त्यावर आली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील माल, मुलुंड-घाटकोपरचे जेवणाचे डबे, बोरिवलीच्या मंडईतील भाजी यांची ने-आण अशाच गाड्यांतून होते.

स्वतःचा धंदा सुरू करणारा तरुण बहुधा नवी गाडी घेऊ शकत नाही. तो जुनी पाहतो आणि कर्जासाठी वा सल्ल्यासाठी आपल्यासारख्या जाणत्या माणसांकडे येतो. येथे वापरून झालेल्या पुष्कळ गाड्या पुढे पालघर, रायगडकडील गावांत विकल्या जातात. तेव्हा हा प्रश्न शहराइतकाच पंचायतीचाही आहे. आपण त्या तरुणाला एकच गोष्ट पटवून द्यावी : विकणारा सांगतो ती गाडीची किंमत नव्हे. खरी किंमत दर किलोमीटरमागे मोजावयाची असते.

उदाहरणादाखल काही आकडे धरू. दोन व्हॅन आहेत. पहिली १ लाख ६० हजार रुपयांना मिळते, दुसरी २ लाख २० हजारांना. तरुणाचा ओढा साहजिकच पहिलीकडे. परंतु तिला आरंभीच ५५ हजारांचे काम निघते आणि पुढे दरसाल ३० हजारांची दुरुस्ती लागते. दुसरीस आरंभी १५ हजार आणि दरसाल १८ हजार पुरतात. तीन वर्षांनी पहिली ६० हजारांना विकली जाते, दुसरी १ लाख १० हजारांना. इंधन, विमा, कर दोहोंना सारखेच धरले, तर तीन वर्षांत पहिलीवर २ लाख ४५ हजार खर्ची पडले आणि दुसरीवर १ लाख ७९ हजार. वर्षाला १८ हजार किलोमीटर धाव धरल्यास पहिली किलोमीटरमागे सुमारे साडेचार रुपये खाते, दुसरी सुमारे तीन रुपये तीस पैसे. जी ‘स्वस्त’ वाटली तीच ६६ हजारांनी महाग पडली. शिवाय गाडी गॅरेजमध्ये उभी असताना बुडालेली मजुरी आणि हातचे गेलेले गिऱ्हाईक यांचा हिशेब आपण अद्याप धरलेलाच नाही.

हे ५५ हजारांचे काम आधी ओळखावयाचे कसे? उपनगरातील गाडीचे तीन शत्रू आहेत : पाणी, गर्दी आणि अतिभार.

प्रथम पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली. तसा प्रलय नेहमी येत नाही; पण अंधेरीच्या भुयारी मार्गासारख्या सखल जागी दर पावसाळ्यात पाणी साचते. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरले आणि तशातच चालकाने गाडी सुरू केली, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी रंगवून विकता येते. म्हणून पायतळीची चटई उचलून पत्रा पाहावा, आसनाखालच्या तारांच्या जोडांवर गाळ वा हिरवट गंज आहे का ते तपासावे. खाऱ्या हवेने दाराच्या खालच्या कडा व चासी आतून सडते. पुट्टीने भरलेल्या जागी लोहचुंबक नीट चिकटत नाही, ही साधी परीक्षा कोणालाही करता येते.

दुसरी गर्दी. पावलोपावली थांबत चालणाऱ्या गाडीची क्लच प्लेट लवकर झिजते आणि इंजिन तापते. उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपला असे समजावे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी तेलात मिसळत असल्याची शंका घ्यावी. हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव असतो. गाडी थंड असतानाच सुरू करून पाहावी. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे.

तिसरा अतिभार. मागचे पाटे बसले आहेत का, टायर एका कडेने झिजले आहेत का, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढते का, हे मोकळ्या रस्त्यावर पाहावे. गाडी सीएनजीवर असेल तर नोंदणीपत्रावर त्याची नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली हवी.

यंत्राइतकेच कागद महत्त्वाचे. योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या व्यापारी वाहनास दोन वर्षांचे मिळते, त्यानंतर दरवर्षी नवे घ्यावे लागते. कर, विमा, थकलेले दंड आणि कर्जाचा बोजा पाहावा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही. पण म्हणून पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन भाड्याने चालविता येत नाही. शाळेच्या फाटकाशी थांबणाऱ्या व्हॅनची पाटी शिक्षकांनी एकदा अवश्य पाहावी. अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडते आणि त्या व्हॅनमध्ये आपलीच मुले बसलेली असतात.

व्यवहार झाल्यावर विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. हे काम पश्चिम उपनगरासाठी अंधेरी व बोरिवली येथे आणि मुलुंड-घाटकोपरसाठी वडाळा येथे होते. ‘नाव नंतर चढवू’ हे वाक्य फार महाग पडते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे गाडी विकून निर्धास्त झालेला माणूसही सुटत नाही.

शेवटी एक सवय सुचवितो. जुनी गाडी घेणाऱ्याने दर किलोमीटरमागे दोन रुपये वेगळे काढावेत. महिन्याला १,५०० किलोमीटर धाव असल्यास तीन हजार रुपये साठतात. टायर, बॅटरी, क्लच यांचा खर्च त्यातून भागतो आणि सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही. जो हप्ता भरून एवढे बाजूला काढू शकत नाही, त्याला ती गाडी परवडत नाही, असे आपण स्पष्ट सांगावे. सल्ला घेण्यास आलेला तरुण त्या दिवशी कदाचित नाराज होऊन जाईल. पण घरातले सोने मोडून घेतलेली गाडी पहिल्याच पावसाळ्यात रस्त्याकडेला उभी राहण्यापेक्षा ती नाराजी बरी.