दुपार कोणाची?



इंग्रजी शिकू लागलो त्याच वर्षी घरी संध्याकाळी आलेल्या एका पाहुण्यांचे आम्ही ‘गुड नाइट’ म्हणून स्वागत केले. पाहुणे हसून म्हणाले, “म्हणजे आम्ही आल्या पावली परत जावे काय?” भेटताना ‘गुड ईव्हनिंग’ आणि निरोप घेताना ‘गुड नाइट’, हा भेद त्या दिवशी कळला. पण ‘आफ्टरनून’ कोठे संपते आणि ‘ईव्हनिंग’ कोठे सुरू होते, हे मात्र कोणी नेमके सांगेना. ते का सांगता येत नाही, हाच आजचा विषय.

आपली समजूत अशी, की घड्याळात बारा वाजले म्हणजे ‘नून’. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ‘नववा’ असा आहे. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा भाग करीत. त्यांतला नववा तास, लॅटिनमध्ये ‘नोना’, म्हणजे आपले सुमारे तीन वाजलेले. ख्रिस्ती मठांत त्या वेळी प्रार्थना होई, आणि उपवासाच्या दिवशी त्यानंतरच जेवण मिळे. पुढे ही प्रार्थना अलीकडे सरकत गेली, आणि चौदाव्या शतकापर्यंत ‘नून’ बारावर येऊन स्थिरावली. भुकेल्या पोटांनी ती अलीकडे ओढली, असे एक कारण सांगतात. मनुष्यस्वभाव पाहता ते पटण्याजोगे आहे.

‘ईव्हनिंग’चीही तीच गत. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये दाई सकाळचे अभिवादन करते, तेव्हा मर्क्युशिओ तिला दुरुस्त करून सायंकाळचे अभिवादन करतो. कारण काय, तर बारा वाजले आहेत! त्या काळी मध्यान्ह झाली की ‘ईव्हन’ सुरू होई. अमेरिकेच्या दक्षिण भागातील बोलीत ‘ईव्हनिंग’ शब्द दुपारसाठी वापरण्याची रीत पुढेही टिकून राहिली.

पण खरी गंमत ‘डिनर’ची आहे. हे दिवसाचे मुख्य जेवण. सोळाव्या शतकात ते अकराच्या सुमारास होई. पुढे श्रीमंतांचे डिनर उशिरा होत होत एकोणिसाव्या शतकात सायंकाळी सात-आठवर गेले. जेवण लांबले तशी त्यांची ‘मॉर्निंग’ही लांबली, आणि दुपारी तीन वाजता दिलेल्या भेटीला ‘मॉर्निंग कॉल’ म्हणू लागले. ‘मॅटिनी’ शब्द फ्रेंचमधील ‘सकाळ’वरून आला, तरी तो खेळ दुपारी होतो, त्याचेही मर्म हेच. कष्टकऱ्यांना मात्र इतका वेळ उपाशी राहणे परवडणारे नव्हते. त्यांचे डिनर दुपारीच राहिले. उत्तर इंग्लंडमध्ये अनेक घरांतून आजही दुपारचे जेवण म्हणजे ‘डिनर’ आणि संध्याकाळचे म्हणजे ‘टी’. तेथे शिकावयास गेलेल्या आपल्या मुलाला कोणी ‘टी’ला बोलावले, तर त्याने घरून जेवून जाऊ नये!

आणि आपली ‘दुपार’? ती तर ‘द्विप्रहर’. सूर्योदयापासून दोन प्रहर लोटले तो मध्यान्हीचा क्षण. आज आपण ‘दुपारचे चार’ असे सहज म्हणतो. हिशेबाने पाहिले तर तो तिसरा प्रहरही उलटून गेलेला असतो.

तेव्हा श्रोतेहो, वेळेचे शब्द केवळ सूर्य ठरवीत नाही, आणि घड्याळ तर नाहीच नाही. माणसाची भूक, त्याचे काम आणि त्याची सवड ते ठरवितात. पहाटे शेतावर गेलेल्या माणसाची दुपार आणि दहाला कचेरीत बसणाऱ्याची दुपार एक नव्हे. खेड्यातला कोणी ‘जेवणवेळेला येतो’ म्हणाला, की आपण शहरवासी हसतो, त्याला ‘नक्की किती वाजता?’ असे दरडावतो. पण ज्या इंग्रजीच्या जोरावर आपण हा नेमकेपणा मिरवतो, तिचे ‘नून’ तरी दुसरे काय आहे? तीही कोणाची तरी जेवणवेळच!

म्हणून दुसऱ्याचा शब्द चुकला असे म्हणण्यापूर्वी त्याचा दिवस कधी उगवतो आणि त्याच्या पोटात अन्न कधी पडते, एवढे विचारून पाहावे. इतके सांगून आपली रजा घेतो. आता मात्र ‘गुड नाइट’ म्हणावयास हरकत नाही.