एका सामन्याचा हंगाम

कवीने खेळावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पण बी. ए. च्या तीन वर्षांत कवितेच्या वहीपेक्षा माझा अधिक वेळ बास्केटबॉलच्या कोर्टावर गेला. आज मला बोलायचे आहे ते महाविद्यालयीन मुलांच्या बास्केटबॉल स्पर्धांविषयी. जे करंडक घेऊन येतात, त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रे लिहितातच. मी बोलणार आहे ते पहिल्याच सामन्यात हरून संध्याकाळच्या एसटीने घरी परतणाऱ्या मुलांबद्दल.

या स्पर्धांची शिडी आधी सांगतो. आपल्या पुणे विद्यापीठात, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, प्रथम विभागातली महाविद्यालये आपसांत खेळतात. मग नाशिक, नगर आणि पुण्याकडचे विभाग आंतरविभागीय स्पर्धेत भेटतात. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथे वरचा क्रमांक मिळाला तर अखिल भारतीय स्पर्धेला. शिडी चांगली उंच आहे. अडचण आहे ती पहिल्या पायरीची. तिथले सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. हरलात की वर्ष संपले.

आम्ही त्र्यंबकेश्वरचे. मी शिकायला नाशिकला जात असे, रोज एसटीने, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. गावात सरावाला शाळेच्या पटांगणातला एक लाकडी बोर्ड होता. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, जूनपासून चार महिने त्या पटांगणात शेवाळच असे. गंमत अशी, की हा खेळ जन्मला तोच मुळी छताखाली. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, थंडीत बाहेर खेळता येत नाही म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि हा खेळ बसवला. हवामानावर उपाय म्हणून निघालेला खेळ आम्ही हवामानाच्या मर्जीने खेळत होतो.

१९८८ साली मी शेवटच्या वर्षाला होतो. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असत. दहा-दहा मिनिटांचे चार डाव २००० नंतर आले. आमचा संघ पहिल्या फेरीत तीन गुणांनी हरला. साडेतीनला सुरू झालेला सामना पाचच्या आत आटोपला आणि माझे विद्यापीठाचे बास्केटबॉलही आटोपले. तिन्ही वर्षे मिळून मी चार सामने खेळलो. एकशे साठ मिनिटे, त्यातली बरीचशी राखीव खेळाडूंच्या बाकावर. अब्बांचे शिलाईचे दुकान होते. मशीन न थांबवता ते विचारायचे, "वर्षभर पळतोस, पण खेळतोस किती वेळ?" याचे उत्तर मला कधी देता आले नाही.

अमेरिकेतही महाविद्यालयांची अशीच बाद पद्धतीची स्पर्धा असते. तिथल्या महाविद्यालयांचे गट असतात, त्यांना ते कॉन्फरन्स म्हणतात. गटाची स्पर्धा जिंकणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो. पूर्वी गटातून एकच संघ जाऊ शके. मार्च १९७४ मध्ये ग्रीन्सबरो येथे नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरीलँड यांचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि मेरीलँड १००-१०३ असे हरले. देशातल्या अव्वल संघांत ज्याची गणना होती, तो संघ घरी बसला. जिंकलेला संघ पुढे राष्ट्रीय विजेता ठरला. लोक हळहळले, आणि १९७५ पासून एका गटातून एकाहून अधिक संघ घेण्याची सोय झाली.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचेच. मेरीलँडच्या मुलांवर अन्याय झाला म्हणावे, तर त्या सामन्याआधी ती मुले सगळा हंगामभर खेळली होती, वीस-पंचवीस सामने. त्यांच्याकडे आधी हंगाम असतो आणि शेवटी स्पर्धा. आपल्याकडे हंगामच नाही, नुसती स्पर्धा आहे.

आमच्या गावात पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. दूरदूरच्या दिंड्या कितीतरी दिवस चालत येतात. दुकानासमोरून जाणाऱ्या वारकऱ्यांना पाणी देतच मी लहानाचा मोठा झालो. त्यांच्या बोलण्यात दर्शनाइतकीच, किंबहुना काकणभर जास्तच, वाटेची गोष्ट असे. मुक्काम, पाऊल, अभंग. वाट काढून टाकली आणि नुसती एकादशी ठेवली तर वारीचे काय उरेल? आपल्या खेळाडूंना आपण अशी वाटेवाचूनची एकादशी देतो.

कोणी म्हणेल, ज्याच्या अंगात आहे तो पुढे येतोच. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत आली ना? खरे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेतले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. आम्हा सगळ्यांना तिचा अभिमान आहे. पण धावणाऱ्याला एक वेळ डोंगराचा रस्ता पुरतो. बास्केटबॉलला समोर दुसरा संघ लागतो. बोर्डावर एकट्याने हजार वेळा चेंडू टाकता येतो. हात पसरून अंगावर येणाऱ्या मुलाला चुकवून पास कसा द्यावा, हे तो मुलगा समोर असल्याशिवाय कळत नाही.

आता थोडे गणित. सोळा संघांची बाद स्पर्धा घेतली तर पंधरा सामने होतात आणि त्यांतले आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात. सहा संघांची साखळी घेतली तरीही पंधराच सामने होतात, पण प्रत्येक संघ पाच सामने खेळतो. पंच तेवढेच, शिट्ट्या तेवढ्याच. आज त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, इगतपुरी अशा सहाही ठिकाणी महाविद्यालये आहेत. पाऊस उघडला की पाच रविवार, रोज तीन सामने. दुपारी खिचडीचे एक पातेले चढवले म्हणजे झाले.

क्रीडा शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. सत्र परीक्षा डोक्यावर, प्रवासखर्चाची बिले, खेळाडूंची जुळवाजुळव. म्हणून विद्यापीठाची स्पर्धा बदला असे मी म्हणत नाही. विजेता ठरवायला बाद पद्धत ठीकच आहे, आणि तिचा थरार मलाही आवडतो. मी मागतो आहे ते तिच्या आधीचे पाच रविवार. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट पंचविशीची आहे. कविता मी अजून लिहितो, पण ते कोर्ट एकदा हातचे गेले की परत मिळत नाही. हरणे खेळात असतेच. हरलेल्या मुलाला पुढच्या रविवारी पुन्हा बूट बांधता यावेत, एवढी सोय आपण मोठ्यांनी करायला हवी.