पाण्याचा लोट आणि मातीचा कस



या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. साहित्याचा प्राध्यापक पाणलोटाविषयी काय बोलणार, ही शंका रास्त आहे. परंतु काही माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावी वर्गणी काढून बंधारा बांधण्याचा मनोदय मला कळविला आणि विचारले, "सर, याने जमीन खरोखर पिकेल काय?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज आपणापुढे ठेवतो.

'पाणलोट क्षेत्र' या संज्ञेत पाणी आहे, लोट आहे, क्षेत्रही आहे. माणूस मात्र कोठेच नाही. माझे सारे विवेचन या गाळलेल्या शब्दाभोवती आहे.

प्रथम आपली भूमी पाहू. आदिलाबादेस पाऊस कमी नाही. वर्षाकाठी तो हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक पडतो. पण मोजक्या दिवसांत कोसळतो आणि उताराने वाहून जातो. उटनूर, इंद्रवेल्लीकडील माळावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम. बेला, जैनथकडे पैनगंगेच्या काठी मात्र खोल काळी जमीन. कपाशीची बोंडे भरण्याच्या वेळी, आश्विन-कार्तिकात, पाऊस पाठ फिरवतो. तेव्हाचे एखादे पाणी सबंध हंगाम तारू शकते. गुडिहत्नूर मंडलातील सीतागोंदी येथे हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २००७ नंतरच्या वर्षांत शेततळ्यांचे जे काम केले, त्यामागे हाच हिशेब होता.

आता मूळ प्रश्न. देशातील ६३६ पाणलोट प्रकल्पांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. खर्चाच्या एका रुपयामागे सरासरी दोन रुपयांचा लाभ त्यात दिसतो. पण त्याच आढाव्यानुसार सुमारे ६५ टक्के प्रकल्प या सरासरीच्या खाली होते. थोड्या गावांच्या यशाने सरासरी उंचावली आणि बहुतेकांनी तिच्या सावलीत समाधान मानले. लोकांचा सहभाग जेथे अधिक, तेथे लाभ अधिक, असेही अशा अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे.

यशाची दोन उदाहरणे घेऊ. रंगारेड्डी जिल्ह्यातील कोत्तापल्ली येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ साली काम आरंभिले. मक्याचे हेक्टरी उत्पादन दीड टनाच्या आसपास होते, ते दुपटीहून अधिक झाले. हे केवळ बांधाचे फळ नव्हे. सुधारित बियाणे आले, माती तपासून गंधक, जस्त, बोरॉन यांची उणीव भरून काढली गेली. अडविलेले पाणी ही सुरुवात असते. कस वाढवावा लागतो तो स्वतंत्रपणे.

दुसरे उदाहरण अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामस्थांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांचा अंगीकार केला. तथापि मला महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा संयम: शेतीसाठी कूपनलिका नाही, उसासारखे तहानलेले पीक नाही, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडून मगच पेरणीचा निर्णय.

हा संयम नसला की काय होते, तेही पाहावे. महाराष्ट्रातील जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. भूजलपातळी वाढविण्यात त्याचा परिणाम अल्प ठरला, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० साली मांडलेल्या अहवालाने ठेवला. एकाने मुरविलेले पाणी दुसऱ्याची कूपनलिका उपसून नेते. तेथे शासनाचा पैसा वाहून जातो आणि माती होती तशीच राहते.

याहून अवघड प्रश्न न्यायाचा आहे. चर खणायचे ते माथ्यावर, गुरे थांबवायची ती माथ्यावर. विहिरी भरतात त्या पायथ्याशी. आपल्याकडे माथ्यावर बहुधा गोंड वा लंबाडा कुटुंबाची वाही असते, पायथ्याशी खोल जमीनवाला शेतकरी. महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील प्रकल्पांच्या २००२ सालच्या एका मूल्यमापनात हेच आढळले: गायरान बंद झाल्याची झळ भूमिहीन व गुरेराख्यांना बसली, पाण्याचा लाभ मुख्यतः जमीनधारकांना मिळाला. वरच्याने त्याग करावा आणि खालच्याने बागाईत करावी, ही व्यवस्था फार दिवस टिकत नाही. मग एके रात्री चरांत पुन्हा गुरे शिरतात, आणि आपण म्हणतो, "लोक अडाणी आहेत."

म्हणून त्या विद्यार्थ्यांना माझे उत्तर असे. जमीन पिकेल, पण बंधाऱ्याच्या आधी तीन कामे करा. माथ्यावरच्या कुटुंबांना सभेत पहिले आसन द्या, त्यांच्या गुरांच्या चाऱ्याची तजवीज करा आणि पाण्यात त्यांचा वाटा लेखी ठरवा. कामाची सुरुवात नाल्यात करू नका, माथ्यावर करा. नाहीतर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरेल. आणि मोजमाप ठेवा. कार्तिकात व वैशाखात विहिरींची पातळी, वरच्या व खालच्या शेतांचे एकरी उतारे, हे याच शाळेच्या मुलांना नोंदवू द्या. पाच वर्षांनी ती वही पाहून तुम्हीच ठरवा, पैसा सार्थकी लागला की नाही.

ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिली आहे, त्यांच्यासारखे शिक्षक पुढच्या बाकाला शिकवून थांबत नाहीत. शेवटच्या बाकावरच्या मुलास समजले का, हे विचारल्याशिवाय धडा संपवीत नाहीत. पाण्याचा धडाही तसाच संपवावा. माथ्यावरच्या शेवटच्या शेतास ओल मिळाली का, हे विचारून.