घरच्या फाइल सर्व्हरचं स्थलांतर

घरातले फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं एका जागी ठेवणारा छोटा फाइल सर्व्हर अनेकांकडे असतो. त्याच्या डिस्क भरल्या किंवा जुन्या झाल्या, की नव्या साठवण व्यवस्थेचा विचार सुरू होतो. त्यासाठी बरेच जण झेडएफएस ही फाइल प्रणाली निवडतात. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीनं ती घडवली आणि २००५ मध्ये तिचा सोर्स कोड खुला केला. २०१३ पासून ओपनझेडएफएस हा प्रकल्प ती पुढे नेतो आहे.

झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जपून ठेवते. वाचताना आकडा जुळला नाही, तर बिघाड लगेच कळतो. डेटा दोन डिस्कवर मिरर केलेला असेल, तर चांगल्या प्रतीवरून दुरुस्तीही आपोआप होते.

स्थलांतरात मात्र क्रम महत्त्वाचा. जुन्या फाइल प्रणालीचं जागच्या जागी झेडएफएसमध्ये रूपांतर होत नाही. त्यामुळे नव्या डिस्क वेगळ्या घ्या. आधी बॅकअप घ्या, मग आरसिंक या साधनानं फाइली नव्या डिस्कवर कॉपी करा. सर्व्हरचा वापर थांबवून आरसिंकची शेवटची फेरी चेकसमच्या पर्यायासह चालवा, म्हणजे राहिलेले बदलही येतील आणि पडताळणीही होईल. त्यानंतर महिन्यातून एकदा स्क्रब चालवा; त्यात साठवलेला सगळा डेटा तपासला जातो.

आणि लक्षात ठेवा, मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून एक प्रत घराबाहेर ठेवाच.