तोतया लांडगा कोळी



रात्रीं विजेरी कपाळाशीं धरून आमच्या पणदऱ्याच्या उसांतून चाललें, कीं सरींच्या मातींत हिरवट ठिणग्या चमकूं लागतात. ते लांडगा कोळ्यांचे डोळे. हा कोळी बहुधा जाळें न विणतां धांवत जाऊन कीटक धरतो. नीरेच्या डाव्या कालव्यावर पोसलेल्या या उसाची तो फुकट राखण करतो. विषारी फवाऱ्यानें किडीबरोबर हा राखणदारही मरतो, हा हिशेब शेतकऱ्यानें अवश्य करावा.

याच्याशीं मिळत्याजुळत्या रूपाच्या, पण निराळ्या कुळांतल्या कोळ्यांना इंग्रजींत ‘तोतये लांडगे’ म्हणतात. त्यांतली प्रसिद्ध प्रजाति झोरॉप्सिस. ती १८७८ सालीं सिमाँ या फ्रेंच पंडितानें स्थापिली. तिच्या जाती दीड डझनाच्या आसपास. रूफिपेस ही कॅनरी बेटांतली, पेकिंगेन्सिस चीनमधली. सर्वांत परिचित स्पिनिमाना. तिचें वर्णन द्युफूर यानें १८२० सालींच केलें होतें. ही मूळची भूमध्य समुद्राकांठची, पण माणसांच्या सामानांतून कॅलिफोर्निया आणि इंग्लंड येथवर पोहोंचली. याच कुळांतल्या सिंहलद्वीपांतील एका प्रजातीचें नांव तर चक्क ‘देवेन्द्र’ आहे!

‘तोतया’ म्हणतांच १७७६ सालीं देहान्त शिक्षा झालेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. परंतु या कोळ्यानें कोणाचें सोंग घेतलेलें नाहीं. नांव आपण ठेविलें आणि कपटाचा डागही आपणच लाविला. मला तें अन्यायाचें वाटतें.

दोघांना ओळखावें कसें? खऱ्या लांडग्याचे चार बारीक डोळे खालीं, त्यांवर दोन टपोरे आणि मागें दोन मध्यम. झोरॉप्सिसचे आठही डोळे दोन ओळींत, जवळजवळ सारखे. झोरॉप्सिसच्या मादीला पोटाखालीं अतिसूक्ष्म रेशमाची चाळणी आणि मागच्या पायांवर तें विंचरण्याची केसांची फणी असते. लांडग्याला दोन्ही नाहींत. मातृत्वाची रीतही वेगळी. लांडगीण अंड्यांची गोळी मागें बांधून हिंडते, पुढें पिलें पाठीवर वाहते. झोरॉप्सिसची आई अंड्यांशीं ठाण मांडून बसते. कांचेच्या पेल्यांत टाकल्यास लांडगा घसरतो, झोरॉप्सिस सरसर वर चढतो. त्याचा चावा झोंबतो, पण निरोगी माणसाच्या जिवाला धोका नसतो.

आपल्या घरीं भिंतीवर पाय पसरून बसणारा मोठा चपटा कोळी मात्र या दोघांपैकीं कोणीच नव्हे. तो झुरळें खातो. केरसुणी उचलण्यापूर्वीं एवढें ध्यानांत असूं द्यावें.