लोकांच्या भाषेतला आवाज : अमीन सयानी



धम्माच्या व्यासपीठावर रेडिओच्या निवेदकाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी भगवंतांकडे तक्रार केली की, नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तरी ते छंदस् भाषेत बांधून घ्यावे. तथागतांनी त्या दोघांचीच कानउघाडणी केली व ज्याने त्याने आपल्या भाषेत वचन शिकावे, अशी अनुज्ञा दिली. भाषा कोणासाठी, हा प्रश्न इतका जुना आहे. दि. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी मुंबईत निधन पावलेल्या अमीन सयानी यांनी तोच प्रश्न मायक्रोफोनसमोर बसून सोडवला, असे आम्हाला वाटते.

त्यांचा जन्म मुंबईचा, २१ डिसेंबर १९३२ चा. आई कुलसुम सयानी या प्रौढ साक्षरतेच्या कार्यकर्त्या. महात्मा गांधींच्या प्रेरणेने त्यांनी १९४० पासून वीस वर्षे ‘रहबर’ नावाचे पत्र चालविले. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या माणसांसाठी ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, भाषा मात्र एकच, सोपी हिंदुस्थानी. अमीनभाई लहानपणी या कामात आईला हातभार लावीत. पुढे जे झाले त्याचे मूळ येथे आहे, आवाजाच्या देणगीत नव्हे. थोरले बंधू हमीद यांच्यामुळे ते लहान वयातच आकाशवाणीच्या इंग्रजी कार्यक्रमांत गेले. पण हिंदी निवेदनाच्या चाचणीत, उच्चारांवर इंग्रजी-गुजरातीची छाप आहे म्हणून त्यांना नापास केले गेले, असे ते स्वतःच सांगत. ज्याची भाषा अशुद्ध ठरली, त्याचीच भाषा पुढे देशाने उचलली!

१९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते वळले रेडिओ सिलोनकडे. (बाबासाहेब १९५० साली ज्या सिंहलद्वीपी बौद्ध परिषदेला गेले होते, तेच हे बेट.) त्याच वर्षी डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत होई, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि बुधवारी रात्री आठ वाजता लघुलहरींवरून आवाज परत आपल्याकडे येई. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली.

सुरुवातीची हाक असे ‘बहनों और भाइयों’. बहिणी आधी. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळच्या सभेतील भाषणे आठवून पाहा. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्ही ऐकले आहे की, वस्तीत एखाद्याच घरी रेडिओ असे आणि ओट्यावर, अंगणात दहा घरची माणसे बसत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीलाही त्यातला शब्द अडत नसे. ज्या जिल्ह्यात महाडला १९२७ साली पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे हा आवाज जात न विचारता कोणाच्याही घरात येत होता.

अर्थात आम्ही त्यांना संत ठरवीत नाही. गीतमाला हा टूथपेस्टच्या जाहिरातीचा कार्यक्रम होता. ऐकणाऱ्याची जात रेडिओने विचारली नाही हे खरे, पण मायक्रोफोनपर्यंत कोण पोहोचला, हा निराळा हिशेब आहे. वामनदादा कर्डकांची गाणी त्या पायऱ्यांवर कधी चढली नाहीत. ती जलशांतून आणि पुढे कॅसेटमधून आपल्यापर्यंत आली.

आमच्या पिढीच्या कानी गीतमाला पडली ती १९८९ नंतर, विविध भारतीवर. एड्सविषयी बोलायला लोक कचरत असताना अमीनभाईंनी आकाशवाणीसाठी खऱ्या घटनांवर आधारित श्राव्यमालिका केली. २००९ साली ‘पद्मश्री’ मिळाली. बाकी मानसन्मानांची यादी येथे वाचत नाही.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली म्हातारी ‘आहरण पर्ची’ हातात घेऊन विचारते, ‘बाबा, पैसे काढायचा कागद हाच का?’ तिने दोन शब्दांत सांगितलेले छापणाऱ्याला का सुचले नाही? अमीनभाईंची आठवण अशा वेळी होते.

दि. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेब आकाशवाणीवरून बोलले. आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहे, असे त्यांनी सांगितले. एवढा मोठा विचार, पण शब्द मोजकेच.

म्हणून संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. येत्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होईल, तेव्हा प्रत्येक प्रकरणानंतर वाचणाऱ्याने दहा मिनिटे तेच आपल्या घरच्या बोलीत सांगावे. पहिल्या रविवारी वाचनाला बहिणींनी बसावे. मागच्या ओळीतल्या आजीला कळले की नाही, हे तिलाच विचारावे आणि नाही म्हणाली तर पुन्हा सांगावे. वाचणाऱ्यांची नावे आजच, कार्यक्रमानंतर, कार्यवाहांकडे द्यावीत.

जय भीम, नमो बुद्धाय.