निरोगी स्नायूची स्लाइड : अध्यक्षीय भाषण

निरोगी कंकाल स्नायूचा आडवा छेद हीमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवला की एकमेकांना खेटून बसलेले बहुकोनी गुलाबी तंतू दिसतात. प्रौढ पुरुषात त्यांचा व्यास साधारण ४० ते ८० मायक्रॉन असतो. स्त्रियांत तो थोडा कमी, तर लहान मुलांत बराच कमी असतो. निळी केंद्रके तंतूच्या कडेला, आवरणालगत असतात. दोन तंतूंमधले संयोजी ऊतक इतके विरळ की त्यात केशवाहिन्याच काय त्या नजरेत भरतात. उभ्या छेदात गडद-फिकट पट्टे दिसतात.

परिषदेने दिलेल्या या मानाबद्दल आणि यजमान विभागाच्या चोख व्यवस्थेबद्दल मनःपूर्वक आभार. अध्यक्षाने शाखेच्या वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. स्नायूच्या बाबतीत तो आढावा याच गुलाबी तंतूंपाशी अडतो, कारण बहुतेक विभागांतला अभ्यासही तिथेच अडला आहे.

एच-ई छेद तरी नीट वाचला जातो का? केंद्रक आतल्या बाजूला सरकलेले तंतू निरोगी स्नायूतही शंभरात तीनपर्यंत सापडतात. कंडरा जोडलेली असते त्या जागी ते याहून अधिक असतात, शिवाय तंतूंची जाडी कमीजास्त असते आणि संयोजी ऊतकही जास्त. अशा जागेचा तुकडा स्नायुविकृती म्हणून नोंदवला जातो, तेव्हा दोष रंगाचा नसतो. निरोगी स्नायू पुरेसा पाहिलेलाच नसतो.

गोमोरीच्या ट्रायक्रोममध्ये फेरफार करून एंगेल आणि कनिंगहॅम यांनी १९६३ साली तो गोठवलेल्या छेदांसाठी वापरला. त्यात तंतू निळसर हिरवे, कोलॅजन फिकट हिरवे आणि मायटोकॉन्ड्रिया बारीक तांबड्या ठिपक्यांसारखे दिसतात. आवरणाखाली ठिपक्यांची किती दाटी स्वाभाविक आहे, हे डोळ्यांत बसल्याशिवाय ‘रॅग्ड रेड’ तंतूचे निदान करू नये. एनएडीएच अभिक्रियेत तंतूच्या आतली जाळी उमटते. ती सलग आणि एकसारखी असावी लागते. प्रकार १ चे तंतू तिच्यात गडद, प्रकार २ चे फिकट. एसडीएच आणि सीओएक्समध्येही हाच क्रम राहतो.

सर्वांत बोलका छेद एटीपीएजचा. ९.४ पीएचला प्रकार १ फिकट आणि प्रकार २ गडद दिसतो. ४.३ ला चित्र नेमके उलटते. ४.६ ला प्रकार १ गडद, २ए फिकट आणि २बी मधल्या छटेचा राहतो. ब्रुक आणि कैसर यांनी १९७० साली मांडलेली ही विभागणी आजही उपयोगी पडते. एका चेतापेशीच्या अखत्यारीतले सगळे तंतू एकाच प्रकारचे, पण ते शेजारच्या एककांच्या तंतूंत विखुरलेले असतात. म्हणूनच निरोगी छेद बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. नस तुटून नवी जोडणी झाली की एकाच प्रकारच्या तंतूंचे घोळके तयार होतात. पोटरीच्या सोलियसमध्ये मात्र प्रकार १ चेच प्राबल्य असते, तेव्हा तुकडा कोणत्या स्नायूचा हे फॉर्मवर लिहिलेच पाहिजे.

जनुकीय तपासणीमुळे हे सारे कालबाह्य झाले, असा सूर या परिषदेतही उमटला. त्यावर दीर्घ कामातले एक उदाहरण पुरे. दाहजन्य स्नायुरोगासाठी स्टेरॉइड चालू असलेल्या एका रुग्णाच्या मांड्यांतली शक्ती आणखी घटली. रोग बळावला म्हणून मात्रा वाढवायची, की औषधानेच स्नायू झिजवला म्हणून उतरवायची, असा पेच होता. एच-ई छेदात दाहक पेशी नव्हत्या, काही तंतू बारीक होते, एवढेच. ९.४ च्या छेदात ते बारीक तंतू झाडून सारे गडद निघाले, म्हणजे प्रकार २ चे. मात्रा उतरवली आणि पुढे रुग्ण कठडा न धरता जिना चढू लागला. हा प्रश्न जनुकांचा नव्हताच.

हा छेद मिळाला तो तुकडा ताजा आला म्हणून. एरवी शस्त्रक्रियागृहातून येते ती फॉर्मॅलिनची बाटली. फॉर्मॅलिनमध्ये ही एन्झाइमे मरतात. रुग्णाने टाके सोसलेले असतात आणि हाती उरतो तो मुख्यतः एच-ई. हे कितीदा सांगायचे! तुकडा सलाइनने जेमतेम ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून लगेच पाठवावा, सलाइनमध्ये बुडवू नये. द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो गोठवावा. थेट नायट्रोजनमध्ये टाकला तर भोवती वायूचा थर धरतो, गोठणे मंदावते आणि बर्फाच्या स्फटिकांनी तंतूंत भोके पडतात. ती भोके पुढे रोगाच्या नावावर खपतात. छेद आडवाच हवा, जाडी ८ ते १० मायक्रॉन.

ग्लायकोजेनसाठी पीएएस आणि मेदासाठी ऑइल रेड ओ. निरोगी स्नायूत मेदाचे थेंब प्रकार १ मध्ये अधिक असतात. प्रतिद्रव्यांच्या छेदांत डिस्ट्रोफिन प्रत्येक तंतूच्या कडेने अखंड रेघ धरते. एमएचसी वर्ग १ तंतूंवर दिसत नाही, केशवाहिन्यांवर दिसतो.

निरोगी स्नायूच्या या सर्व छेदांचा एक संच प्रत्येक अध्यापन विभागात असावा. ते काम परिषदेने हाती घ्यावे. कोणी काय करायचे, ते कार्यकारिणीच्या बैठकीत ठरेल.